काजळाची चमक

मोरवण्याच्या उपकेंद्रात बुधवार हा लसीकरणाचा वार, आणि त्या दिवशी शालन सिस्टरच्या वाटेला जायची कोणाची छाती नव्हती. सकाळी साडेआठला कऱ्हाडहून ड्रोन यायचा, लशींची पेटी गच्चीवर ठेवून निमूट परत जायचा. नऊला आया ओट्यावर दाटीवाटीनं बसायच्या. साडेनऊला पहिली सुई टोचली जायची, आणि मग एकाचं बघून दुसऱ्यानं, दुसऱ्याचं ऐकून तिसऱ्यानं असं करत अख्खा ओटा भोकाड पसरायचा. या कालव्यात शालन खराडे, वय वर्षं सत्तावन्न, निवृत्तीला आठ महिने, ही बाई एकदाही आवाज न चढवता प्रत्येक पोराला नावानिशी हाक मारायची.

सुईच्या आधी नितळ. हा तिचा क्रम कधी चुकायचा नाही.

नितळ म्हणजे तळहाताएवढं यंत्र. ते बाळासमोर धरायचं. ते स्वतःच खुळखुळ्यासारखा आवाज करायचं, बाळ वर बघायचं, आणि अर्ध्या मिनिटात डोळ्यांचे आणि अंगाचे फोटो निघायचे. वर एक दिवा होता. हिरवा लागला की बाळ घरी, तांबडा लागला की पुढच्या तपासणीला.

त्यामागचं शास्त्र तसं अवघड नाही. अंधारात गाडीचा उजेड पडला की गाईचे डोळे चमकतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. माणसाच्या डोळ्यातही उजेड बाहुलीतून आत जातो, मागच्या पडद्यावर पडतो आणि परत फिरतो. पडद्यामागं रक्ताचं दाट जाळं असतं, म्हणून परत येणारा उजेड तांबूस दिसतो. पण पडद्यावर गाठ वाढत असेल, तर तो पांढरा येतो. तान्ह्या मुलांच्या डोळ्यातला कर्करोग पंधरा-वीस हजारांत एखाद्याला होतो, आणि बहुतेक वेळा तो पहिल्यांदा असाच दिसतो. बाहुलीत मांजरासारखी पांढरी झाक, बाकी बाळ अगदी खुशाल. कातडीचंही तेच. नितळ नऊ रंगांचे उजेड टाकायचं. निळा वरच्यावर परततो, तांबडा खोल जातो. कुठला किती परत आला यावरून ते सांगायचं, की अंगावरचा हा लाल फुगवटा म्हणजे आपोआप विरणारा रक्तवाहिन्यांचा गुंता आहे, की पापणीवर वाढून डोळा झाकणारी गाठ, की पुढं बिघडू शकणारा काळा चट्टा.

असलं काही खेड्यातल्या डॉक्टरला उभ्या जन्मात एखाद्या वेळी दिसतं, आणि दिसलं तरी ओळखेल याची खात्री नाही. नितळनं मात्र लाखो बाळं पाहिली होती. ती कशी पाहायची हे त्याला शिकवलं होतं शालनसारख्या बायकांनी.

आठ वर्षांपूर्वी कऱ्हाडच्या एका हॉलमध्ये बारा नर्सबाईंना चौदा महिने पडद्यासमोर बसवलं होतं. एकेक फोटो यायचा आणि त्यावर खूण करायची. याची फार गरज होती, कारण सुरुवातीला नितळनं हसं करून घेतलं होतं. गालावरची तीट त्याला काळी गाठ वाटायची. कोयनेकडच्या एका बाळंतिणीला त्यानं तांबडा दिवा दाखवला, बाईनं आठ तास प्रवास करून पुणं गाठलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी पोराच्या गालावरून बोट फिरवलं तर बोट काळं! ती बाई परत येईपर्यंत सासरी बोभाटा झाला होता की सून रोगट पोर घेऊन आली. म्हणून या बारा जणींनी नितळला तीट ओळखायला शिकवलं. शालन त्यात सगळ्यांत पुढं होती. तिला प्रमाणपत्र मिळालं, आणि तालुक्यात सगळे तिला 'यंत्राच्या मास्तरीणबाई' म्हणायला लागले. तिला ते आवडायचं. आवडायचं नाही असं ती म्हणायची, पण प्रमाणपत्र उपकेंद्रात बरोबर दारासमोर लावलं होतं.

त्याच्या शेजारी एक फोटो होता. ईश्वरी नावाच्या मुलीचा. ईश्वरी दोन वर्षांची असताना तिच्या आईला, मंगलला, लग्नातल्या एका फोटोत पोरीचा डोळा पांढरा दिसला होता. ती धावत आली, शालननं त्याच दिवशी गाडी करून दोघींना मोठ्या दवाखान्यात नेलं. डोळा काढावा लागला, जीव वाचला. आता ईश्वरी पाच वर्षांची होती, तिचा एक डोळा काचेचा होता, आणि मंगल दर दिवाळीला फराळाचं पहिलं ताट शालनच्या घरी पोचवायची. "देवाच्या जोडीनं तुमचं नाव घेती मी," असं म्हणायची.

शालनच्या घरात दुसरी शहाणी बाई होती ती तिची नणंद, गजराबाई. गावातली तान्ही पोरं न्हाऊ घालायचा मान तिचा. दोघी विधवा, दोघी एकाच घरात, आणि तीस वर्षं एकच भांडण. शालननं म्हणायचं, "आक्का, कानात तेल घालू नका." गजराबाईनं म्हणायचं, "तुझ्या नवऱ्याच्या कानात म्याच घातलं हुतं, भैरा झाला व्हता का त्यो?" वर्षामागून वर्षं दोघींनी एकमेकींना इतकं टोचलं होतं, की आता त्याशिवाय दोघींनाही जेवण गोड लागत नसे.

त्या गुरुवारी दुपारी मात्र गजराबाई जेवताना गप्प होती. भाकरीचा तुकडा तिनं आमटीत बुडवला आणि तसाच ठेवला.

"शालन, एक सांगू का? ऋतुजाच्या पोरीला काय तरी हाय."

"गार्गीला? काल तर लस दिली मी. ठणठणीत आहे."

"न्हाऊ घालताना डोळ्यात पानी जाऊ नये म्हनून मी हात आडवा धरती न्हवं? एका बाजूला पानी घालताना एक डोळा झाकायचा, दुसऱ्या बाजूला दुसरा. उजवा झाकला की पोरगी गप. डावा झाकला की नुस्तं आभाळ पाडती. हात बाजूला ढकलती."

"साबण झोंबला असंल."

"साबन न्हाई, डाळीचं पीठ. आन् झोंबंल तर दोनी डोळ्यांस्नी झोंबंल की. धा दिवस झालं बघती मी. रोज त्योच डोळा."

"आक्का, तिला तीनदा हिरवा लागलाय. दीड महिन्याला, अडीच महिन्याला, आणि काल साडेतीन महिन्याला."

गजराबाईनं पाण्याचा घोट घेतला. "तुझ्या दिव्याला दिसतंय गं. पोरीला दिसत न्हाई."

शालनला राग आला. उचलली जीभ, लावली टाळ्याला, असं ती पुटपुटली आणि ताट घेऊन उठली. पण उठता उठता तिला तीस वर्षांपूर्वीच्या प्रशिक्षणातलं एक वाक्य आठवलं. एका डोळ्यानं दिसत नसलेलं मूल चांगला डोळा झाकू देत नाही. ते वाक्य तिनं वहीत लिहून घेतलं होतं. नितळ आल्यापासून ती वही कुठं आहे, हे तिला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गजराबाईबरोबर ऋतुजाकडं गेली. ऋतुजा दूध डेअरीत तपासनीस होती आणि हे तिचं पहिलंच बाळ. सासू सुवर्णाताई न्हाणीघराच्या दारात टॉवेल घेऊन उभी. गजराबाई पाटावर पाय लांब करून बसली, गार्गीला पायांवर उपडी-उताणी करत तेल जिरवलं, पीठ चोळलं, आणि मग तांब्या उचलला.

"बघ हं आता."

तिनं तळहात गार्गीच्या उजव्या डोळ्यावर धरला आणि पाणी घातलं. गार्गी मजेत पाय उडवत राहिली. मग हात डाव्या डोळ्यावर आला. पोरीनं क्षणभर श्वास रोखला आणि असं काही रडायला लागली की तिच्या इवल्या मुठी गजराबाईच्या मनगटावर आपटायला लागल्या. हात काढला, रडणं थांबलं. शालननं स्वतः बसून, पाणी न घालता, आपल्या हातानं तेच केलं. तिच्या हाताखालीही तेच झालं. हातच्या काकणाला आरसा कशाला, पण शालननं तरीही नितळ बाहेर काढलं, कारण तिला त्याच्याकडून ऐकायचं होतं.

गार्गीला पुसून, पावडर लावून आणलं होतं. सुवर्णाताईनं सवयीनं, एरंडेलाच्या दिव्यावर घरी धरलेलं ताजं काजळ, बोटानं तिच्या दोन्ही डोळ्यांत घालूनही टाकलं होतं. शालननं नितळ धरलं. खुळखुळा वाजला. गार्गीनं वर पाहिलं.

हिरवा.

"बघा!" ऋतुजाचा जीव भांड्यात पडला. "मावशी, तुम्ही उगाच घाबरवलंत."

गजराबाईनं शालनकडं पाहिलं. नितळच्या पडद्यावर नर्सला दिसायचं ते साफ केलेलं चित्र, तीट-काजळ गाळून काढलेलं. मूळ चित्र आत ठेवलेलं असायचं आणि ते उघडायचा आकडा फक्त शिकवणाऱ्या बारा जणींकडं होता. शालननं सहा वर्षांत तो कधी वापरला नव्हता. आता तिनं तो दाबला.

मूळ चित्रात गार्गीच्या डाव्या बाहुलीत तांबूस उजेड होता. उजव्या बाहुलीत पांढरा. आणि त्या पांढऱ्याभोवती यंत्रानं एक बारीक चौकट आखून लिहिलं होतं: काजळाची चमक. दुर्लक्ष.

हे शब्द शालनचे होते.

त्या हॉलमध्ये तिटेचा प्रश्न सुटल्यावर डोळ्यांचा निघाला होता. घरच्या काजळात तेल असतं. त्याचा तवंग डोळ्यावर पसरला की यंत्राचा उजेड त्यावरून उसळतो आणि फोटोत पांढरं दिसतं. अशा प्रत्येक बाळाला परत बोलवायचं तर आयांना पायपीट, आणि वर तीच कोयनेकडची गत. शालननंच सुचवलं होतं की याला वेगळी खूण ठेवा. नाव तिनंच दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग दिवसाला चारशे फोटो. काजळ दिसलं, पांढरं दिसलं, की खूण. पुढचा. शंभरांत नव्व्याण्णवदा ते खरंच काजळ असायचं. शंभरावा फोटो कोणी थांबून पाहिला नाही, कारण थांबायचं काही कारण दिसत नव्हतं. आणि यंत्र काही नियम वाचून शिकत नाही, ते आपली सवय उचलतं. या बारा जणींकडून ते एवढंच शिकलं होतं, की डोळ्यात काजळ असलं की पांढऱ्याकडं बघायचं नाही.

"सुवर्णाताई, उकळून गार केलेलं पाणी आहे का? आणि स्वच्छ कापूस."

"काजळ पुसताय? आत्ताच तर घातलं. पोरीला दृष्ट लागंल हो."

"लागली तर माझी लागू दे," शालन म्हणाली. तिचा आवाज असा होता की सुवर्णाताई पाणी आणायला गेली.

नाकाच्या बाजूनं बाहेरच्या बाजूला, एकेका डोळ्याला वेगळा कापूस. मग तवंग निवळायला दहा मिनिटं. ती दहा मिनिटं चौघी बायका त्या खोलीत नुसत्या बसून होत्या. गार्गी आईच्या मांडीवर खुळखुळा तोंडात घालत होती. मग शालननं पुन्हा नितळ धरलं.

दिवा तांबडा लागला. क्षणाचाही विलंब न लावता, जणू ते इतके दिवस याचीच वाट बघत होतं.

ऋतुजानं रडायच्या आधी पोरीला घट्ट धरलं. गजराबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. शालन भिंतीला टेकून खाली बसली, आणि तिच्या मनात गार्गी नव्हतीच. याची तिला पुढं कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. तिच्या मनात ईश्वरी होती.

तालुक्याच्या डॉक्टर वहिदा मुल्ला यांनी तासाभरात सगळी सोय लावली. संध्याकाळी गार्गी पुण्याला पोचलीसुद्धा. शनिवारी शालन त्यांच्यासमोर बसली तेव्हा डॉक्टरांचा चेहरा उजळलेला होता.

"गाठ एकाच डोळ्यात आहे, बाहेर पसरलेली नाही. डोळ्याच्या रक्तवाहिनीतून औषध देतील. डोळा राहील बहुतेक. सिस्टर, तुमच्यामुळं हे झालं."

"आक्कांमुळं."

"बरं, तुमच्या आक्कांमुळं. तुम्ही अहवालात एवढंच लिहा, की काजळ पुसून फोटो घेतला तेव्हा गाठ दिसली. मग नितळ प्रकल्पाचं कार्यालय पत्रक काढेल, काजळ पुसून फोटो घ्या म्हणून. झालं काम."

"आणि जुने फोटो?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "ते कोण उघडणार?"

"तेच म्हणते मी. नुसतं पत्रक निघालं तर कोणीच नाही उघडणार. डॉक्टर, ती खूण मी सुचवली. नाव माझं. मी शेकड्यांनी फोटो न बघता खुणा केल्यात. हे लिहिलं, तर त्यांना सगळे उघडावे लागतील."

"सिस्टर, तज्ज्ञांची सही आहे त्या खुणेवर. एकट्या तुम्ही कशाला अंगावर ओढून घेताय? आठ महिने राहिलेत तुमचे. मानानं जाल."

शालन खुर्चीत पुढं सरकली. "ईश्वरी आठवते तुम्हाला? तिचा साडेतीन महिन्यांचा फोटो मी काढला होता. हिरवा लागला होता. मी आकडा दाबून तो बघू शकले असते काल. बघितला नाही. भ्याले. बघितला असता तर अहवाल लिहायचा धीर झाला नसता. म्हणून आधी लिहिते."

डॉक्टर वहिदांनी तिच्यापुढं कागद सरकवला.

अहवाल दीड पानाचा होता. शालननं तो हातानं लिहिला, कारण टंकलेला कागद आपला वाटत नाही असं तिचं मत. पुढचे अडीच महिने काय झालं ते वर्तमानपत्रांतून आलं. काजळाच्या नावाखाली माफ केलेले तीन लाख अकरा हजार फोटो गाळणीशिवाय पुन्हा तपासले गेले. यंत्रानं निवडलेले डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाहिले. अखेर सत्तावीस बाळं उरली, ज्यांच्या डोळ्यात तेव्हाच गाठ दिसत होती. त्यातल्या सहांना अजून कोणी ओळखलंच नव्हतं. ती सहा पोरं त्या आठवड्यात दवाखान्यात आली. सतरांचा रोग मागाहून उशिरा सापडला होता. चार मुलं गेली होती. टीव्हीवर एक गृहस्थ म्हणाले की एका नर्सच्या प्रामाणिकपणामुळं सहा जीव वाचले. दुसरे म्हणाले की एका नर्सच्या निष्काळजीपणामुळं चार गेले. शालननं दोघांचंही ऐकलं आणि टीव्ही बंद केला. दोघंही खोटं बोलत नव्हते.

भिंतीवरचं प्रमाणपत्र तिनं उतरवलं. कोणी सांगितलं नव्हतं. ईश्वरीचा फोटो मात्र तिथंच राहू दिला.

मधेच एक दिवस गार्गी परत आली. डोकं तुळतुळीत, अंगानं रोडावलेली, पण डोळा जागच्या जागी. गजराबाईनं तिला पायांवर घेतलं तेव्हा अख्खी गल्ली न्हाणीघराच्या दारात. तिनं डावा डोळा झाकला. सगळ्यांनी श्वास धरला. गार्गीनं जरा कुरकुर केली, मान हलवली, आणि मग त्या उजव्या डोळ्यानं तांब्याच्या चकाकीकडं बघत बसली.

"आधी आभाळ पाडायची," गजराबाई म्हणाली आणि पदरानं नाक पुसलं. "आता नुस्ती कुरकुरती. थोडं दिसाया लागलं माझ्या बायला."

शालन दाराशी उभी होती. तिला रडू आलं आणि ती रडली.

सत्तावीस जणांची यादी त्याच आठवड्यात आली होती. एकोणिसावं नाव ईश्वरीचं. कार्यालयाचं म्हणणं होतं की पालकांना पत्रं जातील. शालननं फोन करून सांगितलं, या पत्त्यावर पत्र टाकू नका, मी जाते.

मंगलची पिठाची गिरणी होती. शालन पोचली तेव्हा मंगलच्या पापण्यांवर पीठ बसलेलं आणि ईश्वरी मापाच्या डब्यावर बसून चित्र काढत होती.

"सिस्टर! या की. दळान आणलं का?"

"गिरणी जरा बंद कर, मंगल."

पट्टा थांबला. शालननं ईश्वरीला आक्कांकडं लाडू खायला पाठवलं. मग उभ्यानंच, काही न लपवता, सगळं सांगितलं. खूण, हॉल, साडेतीन महिन्यांचा फोटो, चौकट.

"म्हंजी तवाच दिसत हुतं?"

"हो."

"तवा नेलं असतं, तर डोळा ऱ्हायला असता?"

शालनला इथं 'सांगता येत नाही' म्हणता आलं असतं. तेही पूर्ण खोटं ठरलं नसतं. "बहुतेक राहिला असता," ती म्हणाली.

मंगलनं हातातला झाडू भिंतीला टेकवला. तो घसरला, तिनं परत टेकवला. "तुम्ही इचारलं हुतं मला त्या दिशी, काजळ घातलंय का. म्या न्हाई म्हनले. तुम्ही रागावाल म्हनून. सासू म्हनती, तू काजळ घातलंस म्हनून डोळा गेला. मलाबी तसंच वाटायचं. तीन वरीस झाली सिस्टर, कुनापाशी बोलले न्हाई."

"मंगल, काजळानं गाठ होत नाही. तू घातलं नसतंस तरी ती होणारच होती."

"पन दिसली असती."

शालननं मान डोलावली.

"कशाला आलात तुम्ही सांगाया?" मंगलचा आवाज फुटला. "देवाच्या जोडीनं नाव घेत हुते मी तुमचं. आता कुनाचं घेऊ?"

तिनं बटण दाबलं. गिरणी सुरू झाली, आणि त्या आवाजात शालनला काही बोलता येणार नव्हतं. ती घरी आली. गजराबाईनं तिचा चेहरा पाहिला आणि त्या दिवशी एकदाही टोचून बोलली नाही. शालनला ते सगळ्यात जड गेलं.

दिवाळी आली. मंगलकडचं ताट आलं नाही. शालननं वाट पाहिली नव्हती असं नाही.

पत्रक निघालं होतं, आणि आता बुधवारचा क्रम बदलला होता. आधी कापूस, मग आक्कांचा हात, मग नितळ, मग सुई. आक्कांचा हात हे शालननं आपल्या मनानं घातलं होतं, आणि गजराबाई दर बुधवारी नऊवारीचा पदर खोचून, जणू जिल्ह्याची साहेब असल्यासारखी ओट्यावर हजर असे. पण कापसाचं काम निभत नव्हतं. आज्या भांडायच्या. काजळ घातलेलंच नाही अशा शपथा घ्यायच्या. वीस बाळं, चाळीस डोळे, प्रत्येकाला दहा मिनिटं, आणि शालन एकटी.

दिवाळीनंतरच्या तिसऱ्या बुधवारी ती लशींची पेटी घेऊन खाली आली, तर ओट्याच्या टोकाला मंगल बसली होती. पुढ्यात झाकण ठेवलेलं पातेलं, शेजारी कापसाची गुंडाळी. हात कोपरापर्यंत धुतलेले. ती शालनकडं बघत नव्हती.

शालन काही विचारायला गेली तेवढ्यात गजराबाईनं डोळ्यांनीच तिला गप्प केलं.

पहिली आई बसली. तिची सासू बाळाला छातीशी धरून होती.

"काजळ घातलंय का?" मंगलनं विचारलं.

"छ्या! न्हाई घालत आम्ही."

मंगलनं त्या बाईकडं नीट पाहिलं. "म्याबी असंच सांगितलं हुतं," ती म्हणाली, आणि हात पुढं केले.

सासूची पकड सैल झाली. मग तिनं नातू मंगलच्या मांडीवर दिला. मंगलनं कापूस पाण्यात बुडवून पिळला, आणि नाकाकडून बाहेरच्या बाजूला, अगदी हलक्या हातानं, एकेक डोळा पुसला. कापूस काळा झाला. दुसरा घेतला. तोही झाला. तिसरा पांढरा राहिला तेव्हा तिनं बाळ शेजारी निजवलं आणि दुसरं घेतलं. सगळी रांग तशीच पुढं सरकत राहिली, आणि तिनं शालनशी एक शब्द काढला नाही. पुढं कितीतरी बुधवार काढला नाही. बोलणं टाकलं ते टाकलंच.

पण त्या पहिल्या दिवशी दहा मिनिटं झाल्यावर, गजराबाईचा हात होऊन गेल्यावर, आई आणि सासू कार्ड शोधण्यात गुंतल्या होत्या, बाळ शालनकडं द्यायला जवळ दुसरं कोणी नव्हतं. मंगल स्वतः उठली. बाळ पुढं धरलं.

"घ्या," ती म्हणाली. "ह्याचं पुसलंय."

शालननं बाळ घेतलं. नितळ समोर धरलं, खुळखुळा वाजला, बाळानं वर पाहिलं. दिवा लागला होता, पण शालननं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती आधी बाळाच्या डोळ्यांत बघत राहिली.